जिभेचे माहेर

सांख्यांनी इंद्रियांची मोजदाद केली तेव्हा जीभ त्यांना दोन खात्यांत लिहावी लागली. चव घेते म्हणून ती रसना, पाच ज्ञानेंद्रियांपैकी एक. आणि वाणीचे ठाणेही तीच, म्हणून पाच कर्मेंद्रियांच्या पंगतीतही तिचा पाट मांडलेला. डोळा पाहतो, कान ऐकतो, पाय चालतो. ज्याचा त्याचा एकच व्यवसाय. जीभ मात्र बाहेरचे आत घेते आणि आतले बाहेर टाकते. माणूस देश सोडून दूर जाऊन राहिला म्हणजे त्याच्या बाकीच्या इंद्रियांची नव्या मुलखाशी लवकर सोयरीक जमते. डोळ्यांना नवी झाडे ओळखीची वाटू लागतात, कातडीला नवे ऊन सोसू लागते, पाय नव्या रस्त्यांवर न चुकता वळू लागतात. मागे रेंगाळते ती जीभ, आणि रेंगाळते तीही दोन्ही खात्यांत.

याचे अगदी ठसठशीत उदाहरण म्हणजे परदेशी वस्ती केलेला इंग्रज. (हा शब्द मी आपल्या जुन्या सवयीने सैलपणे वापरतो आहे. स्कॉटलंड आणि वेल्सच्या माणसांना तो रुचणार नाही, आणि त्यांचे न रुचणे रास्तच आहे.) आज स्पेनमध्ये दोन लाखांहून अधिक ब्रिटिश माणसे कायमची राहतात, बहुतेक भूमध्य समुद्राच्या काठाने. बेनिडॉर्मसारख्या गावात त्यांच्यासाठी इंग्लिश पबांच्या रांगाच्या रांगा आहेत. समोर निळा समुद्र, डोक्यावर लख्ख ऊन, शेजारी द्राक्षाच्या उत्तम मद्यांचा देश; आणि आमचा हा गृहस्थ सावलीत बसून लँकेशायरच्या उच्चारात विचारतो आहे की, आपल्या गावाकडची बिअर मिळेल का? वीस-वीस वर्षे राहूनही स्पॅनिश चार शब्दांपलीकडे न गेलेले असे लोक तिथे भेटतात.

दिवाळीच्या अंकात, चकली-चिवड्याच्या ताटाशेजारी हा पेला आणून ठेवल्याबद्दल घरातल्या वडीलधाऱ्यांनी क्षमा करावी. तो आपल्याला प्यायचा नाही, नुसता पाहायचा आहे.

अशा माणसाला हसणे सोपे आहे. ‘देश तसा वेश’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण ही म्हण सल्ला आहे की आज्ञा? दुसऱ्याच्या देशात राहून आपला उच्चार आणि आपली चव जपणे हा स्वतःशी राखलेला प्रामाणिकपणा, की यजमानाचा केलेला अपमान? कोणी म्हणेल, बिअरच्या पेल्यात नीतीचा प्रश्न कसला शोधता! माझे म्हणणे असे की, माणसाच्या मोठ्या निष्ठांचा हिशेब तो स्वतःच सजवून मांडतो. छोट्या निष्ठा तो लपवायला विसरतो. म्हणून त्या पाहाव्यात.

त्यासाठी स्पेनचा किनारा सोडून जरा दूर, ऑस्ट्रेलियात जाऊ. स्पेनला जाणारे पुष्कळसे निवृत्त लोक. त्यांच्या सोडण्याजपण्यात फारसे काही पणाला लागलेले नसते. ऑस्ट्रेलियात गेले ते तरुण संसार. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा ऑस्ट्रेलियाला माणसे हवी होती, आणि युद्धाने दमलेल्या ब्रिटनमध्ये अन्नावर अजून नियंत्रण होते. १९४५ साली ऑस्ट्रेलियाच्या सरकारने योजना काढली: प्रौढ माणसाने फक्त दहा पौंड भरावेत, मुलांना फुकट, बाकीचे बोटीचे भाडे सरकार देईल. अट एवढीच की दोन वर्षे राहिले पाहिजे. त्याआधी परत फिरलात तर सरकारचे पैसे परत करा. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत दहा लाखांहून अधिक माणसे अशी गेली. तिथल्या लोकांनी त्यांना नाव ठेवले ‘टेन पाउंड पॉम’. पॉम म्हणजे इंग्रज, आणि शब्दात थोडा चिमटा.

यांतले पुष्कळ लोक ॲडलेडच्या उत्तरेला वसवलेल्या एका नव्या गावात उतरले. १९५५ साली माळरानावर आखलेले हे गाव. त्याला नाव दिले एलिझाबेथ, तेव्हा नुकत्याच गादीवर आलेल्या राणीचे. पुढे तिथे होल्डन मोटारींचा कारखाना आला (तो २०१७ साली बंद झाला) आणि ग्लासगो, मँचेस्टर, कार्डिफ असल्या शहरांतले कामगार शेजारी शेजारी राहू लागले. राणीच्या नावाचे गाव, भाषा इंग्रजी, राज्यघटना ओळखीची, नाण्यावर तोच मुखवटा. परदेशी चाललो आहोत असे यांतल्या अनेकांना वाटलेच नव्हते. आपल्याच घराच्या मागच्या अंगणात चाललो आहोत अशी समजूत. म्हणून जिभेला बसलेला धक्का अधिक जोरात बसला.

पहिला धक्का पिठ्यात. (पबला मराठीत दुसरा शब्द नाही; ‘गुत्ता’ म्हटले तर अन्याय होतो, कारण पबात लोक शांतपणे बसतात, बायकांना घेऊन येतात, वर्तमानपत्र वाचतात. म्हणून पबच म्हणू.) इंग्लंडमधली खरी जुन्या धाटणीची बिअर, जिला ते ‘बिटर’ म्हणतात, ती पिंपातच जिवंत असते. पिंपात यीस्ट असते, ते तळघरात आपले काम करीत राहते, आणि बिअर हातपंपाने ओढून वर काढतात. तिची थंडाई माठातल्या पाण्याइतकीच, बारा अंशांच्या आसपास. पिंप एकदा उघडले की दोन-तीन दिवसांत संपवावे लागते. म्हणजे ही वस्तू स्वभावतःच गावाबाहेर न जाणारी. ॲडलेडला या माणसापुढे आली ती दात शिवशिवतील अशी गार, सोनेरी, फसफसती बिअर. शिवाय त्याने ‘पाइंट’ मागितले तर हाती पडे तो पंधरा औंसांचा, म्हणजे आजच्या मापाने ४२५ मिलिलिटरचा पेला. त्याच्या गावच्या पाइंटात २० औंस, ५६८ मिलिलिटर! नाव तेच, आणि वस्तू पाउणपट. परक्या शब्दाने माणूस सावध होतो. आपल्या शब्दात दुसऱ्याचा अर्थ निघाला की फसवल्यासारखे वाटते. त्यावर कडी म्हणजे संध्याकाळी सहाला पब बंद. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१६ साली सुरू झालेला हा नियम दक्षिण ऑस्ट्रेलियात थेट १९६७ पर्यंत चालला. कारखाना पाचला सुटे. मग तासाभरात होईल तेवढे पोटात ओतायचे. इंग्लंडमध्ये पब म्हणजे जेवणानंतरची निवांत बैठक. इथे ती आगगाडी पकडण्याची घाई झाली.

साहजिकच कुरकुर सुरू झाली. आमच्याकडे अशी बिअर नसते. आमच्याकडे चहा असा करीत नाहीत. आमच्याकडे पाव कसा! इतकी कुरकुर, की ‘रडका पॉम’ अशा अर्थाचा एक कायमचा वाक्प्रचारच तिथल्या इंग्रजीत रुजला. दहा पौंडांत आलेल्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा माणसे परत गेली. बिअरसाठी कोणी परत जात नाही हे उघड आहे. आईवडील म्हातारे झाले, बायकोचे मन लागेना, घर मनासारखे मिळेना, अशी कारणे असतात. पण मन लागत नाही हे कळते कुठे? ते जिभेवर कळते.

आता बोलण्याचे पाहू. उच्चार जपला म्हणून माणसाला शाबासकी किंवा दोष देण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी, की तो जपणे बरेचसे त्याच्या हाती नसते. चेंबर्स नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने कॅनडातून दक्षिण इंग्लंडमध्ये राहायला गेलेल्या सहा मुलांच्या बोलण्याचा अभ्यास करून १९९२ साली तो प्रसिद्ध केला. त्याचा निष्कर्ष असा की, सात वर्षांच्या आतले मूल नव्या जागेची बोली जवळजवळ हमखास पुरती उचलते. चौदा ओलांडलेले जवळजवळ हमखास उचलू शकत नाही. मधल्या वयाचे सांगता येत नाही. म्हणजे तिशीत ग्लासगोहून आलेला गवंडी साठीतही ग्लासगोचेच बोलतो, यात त्याचा बाणेदारपणा कमी आणि वयाचा धर्म जास्त. पण माणसाची गंमत अशी की जे सोडता येत नाही त्याचाच तो अभिमान धरतो.

तरी ही गोष्ट इथेच संपत नाही. अंटार्क्टिकावरच्या ब्रिटिश तळावर हिवाळाभर अडकून राहणाऱ्या अकरा माणसांच्या आवाजाची मापे घेऊन केलेला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. सगळी प्रौढ माणसे, निरनिराळ्या उच्चारांची. बाहेर बर्फ आणि अंधार, आत हीच मोजकी तोंडे. थोड्याच महिन्यांत त्यांचे स्वर एकमेकांकडे किंचित सरकले होते. कानाला कळणार नाही, यंत्राला कळेल इतकेच. कोणी ठरवले नव्हते, कोणी शिकवले नव्हते. ज्यांच्यावाचून आपले चालत नाही त्यांच्याकडे जीभ आपोआप झुकते. मग चाळीस वर्षे परदेशी राहून ज्याच्या उच्चारावर ओरखडासुद्धा उठलेला नाही, त्याच्याविषयी वाटते की हा माणूस एवढी वर्षे बोलला तरी कोणाशी?

चवीचा मामला मात्र उलटा आहे. तिथे ‘माझी जीभच तशी’ ही सबब चालत नाही. कडू चव जन्मतः कोणाही मुलाला आवडत नाही. तोंड वाकडे करून ते बाहेर टाकते. कारले आपल्याला आवडू लागते ते केव्हातरी, कोणाच्या तरी पानाशेजारी बसून. हॉप नावाच्या वेलीच्या फुलांनी कडू केलेली बिअरही तशीच. जिचे नावच ‘बिटर’, म्हणजे ‘कडू’, ती पहिल्या घोटाला कोणाला आवडली असेल! मुलगा अठरा वर्षांचा होतो, बाप त्याला पबात घेऊन जातो किंवा कारखान्यातले सोबती नेतात. तो पहिला घोट कसाबसा गिळतो, आणि आवडल्याचे दाखवतो. दाखवता दाखवता खरेच आवडू लागते. तिथे एक चाल आहे: पाच जण बसले तर प्रत्येकाने पाळीपाळीने पाचांसाठी पेले आणायचे. आपली पाळी चुकवणारा माणूस त्या समाजात हलका ठरतो. तेव्हा त्या कडू घोटात हॉपइतकेच बापाचे शेजारी बसणे आहे, सोबत्यांची पाळी आहे, आता आपण मोठे झालो ही कबुली आहे.

मौज अशी की ही पाळीची चाल ऑस्ट्रेलियातही आहे, आणि तितकीच कडक आहे. तिथे तिला ‘शाउट’ म्हणतात. साडेपाच वाजता, त्या शेवटच्या धांदलीतही, माणसे आपापली पाळी चुकवीत नसत. म्हणजे एलिझाबेथमधल्या नव्या कामगारापुढे खरोखर पेच होता तो असा: पेल्यातला द्रव परका होता, पण पेला देणारा हात ओळखीचा होता. ज्याने गार बिअर मुकाट्याने घेऊन पुढच्या पाळीला खिशात हात घातला, त्याने गावाकडच्या चवीतले कोणते तत्त्व सांभाळले आणि कोणते सोडले? आणि जो ‘ही काय बिअर आहे’ म्हणत घरी गेला, बाटल्या शोधून एकटा प्यायला बसला, त्याने काय सांभाळले? मला दुसऱ्याची कीव येते. त्याची निष्ठा मला खोटी वाटत नाही, चुकीच्या पत्त्यावर गेलेली वाटते.

त्यातून तो पत्ता तरी जागेवर असतो का? एलिझाबेथ गावाला जिचे नाव दिले त्या राणीचेच पाहा. दर नाताळला ती आकाशवाणीवरून प्रजेशी बोले. १९५० आणि १९८० या दोन दशकांतल्या तिच्या भाषणांतले स्वर हॅरिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताडून पाहिले आणि २००० साली प्रसिद्ध केले, की राणीचे स्वर तिच्या प्रजेतल्या तरुण, सामान्य माणसांच्या स्वरांकडे सरकले आहेत. साक्षात राणी, राजवाड्यात राहणारी, जिला कोणाच्या पुढेपुढे करण्याचे कारण नाही, तीसुद्धा तीस वर्षांत जराशी परगावी गेली! दूर ॲडलेडला मात्र १९५५ सालचे स्वर एखाद्या आजीच्या तोंडी जसेच्या तसे.

बिअरचे तेच. १९६० च्या सुमारास ब्रिटनमध्ये सोनेरी गार लागर पिणारे हाताच्या बोटांवर मोजावे इतके. कामगारांची आवडती म्हणजे काळपट सौम्य ‘माइल्ड’ आणि ती ‘बिटर’. १९९० च्या सुमाराला लागरने त्या सगळ्यांना मागे टाकले. माइल्ड तर बहुतेक पबांतून दिसेनाशी झाली. ‘आमच्याकडे अशी गार बिअर पीत नाहीत’ म्हणत जो तीस वर्षे झुरला, तो म्हातारपणी परत आला तर गावच्या पबात त्याच्यापुढे तीच गार बिअर ठेवली जायची. आपल्या तंजावरच्या मराठी मंडळींची ओळख ज्यांना आहे त्यांना हा अनुभव नवा नाही. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांबरोबर आणि नंतर गेलेल्यांच्या घरात मराठीची जी रूपे टिकली, त्यांतली काही पुण्यात आज कोणाला कळत नाहीत, आणि पुण्याची मराठी त्यांना ऐकू येते ती परक्यासारखी. माहेर सोडणारी मुलगी घर डोळ्यांत साठवून नेते. इकडे भिंती पाडून नवे घर उभे राहते.

यात आणखी एक मजेदार दाखला आहे. इंग्लंडमध्ये बिटर आणि जुनी पिंपातली बिअर नाहीशी होत चालली म्हणून ती वाचवण्यासाठी १९७१ साली चार तरुणांनी एक चळवळ सुरू केली, आणि ती पुढे फार मोठी झाली. हे चौघे वायव्य इंग्लंडचे. पण चळवळीची कल्पना त्यांना सुचली ती सुट्टीसाठी आयर्लंडमध्ये गेले असताना, केरी परगण्यातल्या एका पबात बसून. घरचे काय हरवते आहे हे समुद्र ओलांडल्यावर दिसले.

आतापर्यंत मी बोललो ते दहा पौंडांच्या कामगाराविषयी. तो कारखान्यात इतरांसारखाच राबत होता. त्याच्या कुरकुरीने कोणाचे काही बिघडत नव्हते. पण उच्चार आणि बिअर जपणाऱ्या इंग्रजाची आपल्याला जी ओळख आहे ती या माणसाची नाही. आपल्याकडे आला तो साहेब. त्याच्यासाठी बिअर केपला वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून, काही महिन्यांचा प्रवास करून मुंबईच्या आणि कलकत्त्याच्या बंदरात उतरे. लंडनच्या पूर्वेकडचा होजसन हा मद्यवाला त्या व्यापारात आधी पुढे होता; १८२० नंतर बर्टन गावच्यांनी तो आपल्याकडे ओढला. हॉपची मात्रा वाढवलेली ही फिकट बिअर पुढे ‘इंडिया पेल एल’ नावाने प्रसिद्ध झाली. ती प्रामुख्याने अधिकाऱ्यांची. गोऱ्या शिपायांच्या वाट्याला बहुधा काळी पोर्टर. नावात ‘इंडिया’, पण या देशात ती प्यायची ती इंग्लंड आठवण्यासाठी. आणि निवृत्त होऊन परतलेला साहेब तिकडे ती मागवी तेव्हा तिच्यात त्याला हिंदुस्थान आठवत असावा. बोलण्यातही असेच झाले. आपले शेकडो शब्द त्याने उचलले. ‘चिठ्ठी’ची ‘चिट’ केली, ‘बंगला’ आणि ‘लूट’ घरी नेली. १८८६ साली अशा शब्दांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ नावाचा जाडजूड कोशच निघाला. शब्द घेतले, उच्चार मात्र आपलेच. ‘मुंबई’ म्हणता येईना म्हणून दोन कोटी तोंडांनी ‘बॉम्बे’ म्हणावे असा बेत. आणि आपल्यातल्या शिकलेल्यांनी त्याचे स्वर गिरवण्यात आयुष्ये घालवली.

कृती तीच, पण दोघांत फरक केवढा! गवंड्याने आपली जीभ जपली तेव्हा त्याची त्याला किंमत पडली. साहेबाने जपली तेव्हा ती किंमत दुसऱ्यांनी मोजली. ऑस्ट्रेलियाच्या त्या योजनेतही हे दिसतेच. एकेका परक्या स्थलांतरितामागे दहा ब्रिटिश यावेत अशी त्या वेळचे मंत्री आर्थर कॅल्वेल यांची इच्छा होती. आशियातल्या माणसाला तर दारच बंद. ‘गोरा ऑस्ट्रेलिया’ हे धोरण १९७३ पर्यंत पुरते गेले नाही. इटली आणि ग्रीसहून आलेल्यांकडून अपेक्षा अशी की त्यांनी लवकरात लवकर आमच्यासारखे व्हावे. इंग्रजाला मात्र बदलायला कोणी सांगितले नाही. त्याने कुरकुर केली तर चेष्टा झाली, इतकेच. उच्चार टिकवण्याची मुभा सर्वांना सारखी वाटलेली नसते.

आणि हे वाचून आपण फार रागावण्याचे कारण नाही. परदेश म्हणजे काय हे आपल्या घरातल्या निम्म्या माणसांना चांगले ठाऊक आहे. कोकणातली मुलगी घाटावर दिली. ओल्या नारळाच्या जागी शेंगदाण्याचे कूट आले, भाताच्या जागी भाकरी. तिच्या हेलाची नक्कल दीर-नणंदा करीत आणि ती स्वतःही हसे. पुष्कळ घरांत नावसुद्धा बदलले जाई. ‘आमच्याकडे’ या शब्दाचा अर्थ सहा महिन्यांत पालटावा अशी सर्वांची अपेक्षा, ती चुकून माहेरच्या अर्थाने ‘आमच्याकडे’ म्हणाली की सासूबाई विचारीत, “आमच्याकडे म्हणजे कुठे गं?” त्या मुलीने दहा पौंड भरले नव्हते आणि दोन वर्षांची अटही तिला नव्हती. तिने जे जपले ते कधीतरी एकटीसाठी केलेल्या सोलकढीत किंवा झोपेत बडबडताना. बेनिडॉर्मच्या त्या लँकेशायरच्या गृहस्थाला हसताना मला हे आठवते आणि हसू अर्धेच राहते. जपणे वाईट की चांगले याचा निवाडा मी त्या कृतीवरून करणार नाही. जपणाऱ्याने आपल्याबरोबर दुसऱ्या कोणाला ती मुभा दिली का, हे आधी विचारीन.

दुसरे म्हणजे त्याची स्वतःची मुले. ज्युलिया गिलार्ड १९६१ साली वेल्समध्ये, बॅरी या गावी जन्मल्या. लहानपणी छातीचे दुखणे होते म्हणून उबदार हवेत न्या असे डॉक्टरांनी सांगितले, आणि १९६६ साली चार वर्षांच्या असताना आईबापांबरोबर त्या ॲडलेडला आल्या. २०१० ते २०१३ या काळात त्या ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधान होत्या. त्यांचा उच्चार इतका अस्सल, ठसकेबाज ऑस्ट्रेलियन, की त्यांच्या स्वरांवरूनही चेष्टा झाल्या. चेंबर्सच्या हिशेबाने यात नवल काही नाही. सातच्या आतले मूल. ते शाळेच्या पहिल्याच वर्षात पलीकडे निघून जाते.

हे निघून जाणे आईबापांनी कसे घ्यायचे? एलिझाबेथसारख्या गावांत एकाच छपराखाली दोन उच्चार नांदत. आई हाक मारी ग्लासगोच्या ‘र’मध्ये आणि मूल उत्तर देई तो ‘र’ गिळून. चार वर्षांच्या मुलाला शाळेत मित्र हवे असतात. जीभ बदलली नाही तर टिंगल होते, आणि बदलली तर घरी आजीचे पत्र मोठ्याने वाचताना बाप मध्येच म्हणतो, “असे काय बोलतोस?” मुलाला कळत नाही की ही तक्रार कशाबद्दल आहे. काही मुले मग दोन जिभा बाळगतात; दाराच्या आत एक आणि फाटकाबाहेर दुसरी. मोठी माणसे याला कौतुकाने ‘दोन्ही भाषा येतात’ म्हणतात. मुलाच्या बाजूने ती रोजची वेठ आहे. आपली मुले आणि नातवंडे परदेशी असलेल्या वाचकांना मी अधिक काही सांगायला नको. फोनवर नातीचा ‘ळ’ ऐकून तो दुरुस्त करावासा वाटतो, आणि दुरुस्त केला की ती बोलणेच आवरते घेते.

बापाची चव मात्र मुलावर इतकी जड पडत नाही. ऑस्ट्रेलियात गेलेला यॉर्कशायरचा टॉमस कूपर याने १८६२ साली ॲडलेडमध्ये आपल्या पद्धतीची एल बनवायला सुरुवात केली. तळाशी यीस्टचा गाळ असलेली, ढवळून गढूळ होणारी. सारा देश स्वच्छ सोनेरी लागरकडे वळला तरी त्या घराण्याने ती सोडली नाही. अजून ते तीच करतात. आज ॲडलेडच्या तरुणाला विचारले तर तो ती आमची खास ऑस्ट्रेलियन बिअर म्हणून पाहुण्यापुढे ठेवील, आणि ओतण्यापूर्वी बाटली आडवी घोळवून गाळ कसा मिसळायचा ते दाखवील.

तिथले पाइंट अजूनही ४२५ मिलिलिटरचेच आहे. पुरे हवे असेल तर ‘इंपीरियल पाइंट’ असे नाव घेऊन मागावे लागते. बोलण्यावरून माणूस तिकडून आलेला दिसला, तर पेला भरण्याआधी तुला कोणते हवे असे त्याला विचारून घेतात.